बोटीची लाइन बघा, मग बेटं निवडा: ग्रीसमधल्या कमी गर्दीच्या बेटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय 61 आणि 58, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रीसला जाणार आहोत. बारा दिवस हातात आहेत. सँटोरिनी, मिकोनोस नको. नकाशा बघून आंद्रोस, केआ, सेरिफोस, दोनूसा आणि अमोर्गोस अशी पाच बेटं काढली आहेत. क्रम कसा लावावा?

उत्तर : क्रम लावण्याआधी यादी बदलावी लागेल. आंद्रोसची जहाजं राफिनाहून सुटतात, केआची लावरिओहून. सेरिफोस पिरेअसहून निघणाऱ्या पश्चिमेकडच्या लाइनवर, म्हणजे जहाजाच्या ठरलेल्या मार्गावर, आहे. दोनूसा आणि अमोर्गोसही पिरेअसहूनच, पण नाक्सोस या बेटामार्गे. म्हणजे पाच बेटं, चार लाइनी आणि अथेन्सजवळची तीन वेगवेगळी बंदरं. केआ आणि आंद्रोस नकाशावर शेजारी दिसतात, तरी एकावरून दुसऱ्यावर जायला बरेचदा मुख्य भूमीवर परत येऊन बंदर बदलावं लागतं. तुमचे बारापैकी चार दिवस त्यातच जातील.

ग्रीसमध्ये जहाजाची लाइन हेच खरं अंतर. एक लाइन निवडायची आणि तिच्यावरची बेटं ओळीने घ्यायची. तुमच्या यादीतली दोनूसा आणि अमोर्गोस ठेवा, बाकीची पुढच्या खेपेला. नाक्सोस आणि अमोर्गोसच्या मध्ये इराक्लिआ, स्किनूसा, कूफोनिसिया आणि दोनूसा ही छोटी बेटं आहेत. ‘छोटे सायक्लाडीज’ म्हणतात ते हेच. पिरेअसहून येणारं मोठं जहाज आठवड्यातून काही दिवस तिथे थांबतं. त्याशिवाय ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही लहान बोट हंगामात साधारण रविवार सोडून रोज असते. ती सकाळी अमोर्गोसहून निघून नाक्सोसला येते आणि दुपारी त्याच वाटेने परतते. सगळे थांबे मात्र रोज नसतात. दोनूसा ठरावीक वारीच असतं, म्हणून आधी तिचे वार बघा आणि बाकीच्या तारखा त्याभोवती बसवा.

अकरा रात्री अशा वाटता येतील: पिरेअस एक, नाक्सोस दोन, कूफोनिसिया तीन (किंवा कूफोनिसिया दोन आणि दोनूसा एक), अमोर्गोस तीन आणि शेवटी अथेन्स दोन. शेवटच्या दोन रात्री दोनच राहू द्या. तुमचा राखीव दिवस तोच आहे. बेटावरून निघून त्याच दिवशी परतीचं विमान पकडायचा बेत कोणीही करू नये, अगदी शांत हवेतसुद्धा.

आणखी एक गोष्ट, जी बुकिंग करताना हमखास निसटते. अमोर्गोसला दोन बंदरं आहेत, कातापोला आणि एगिआली, आणि त्यांच्यात वीसेक किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे. तिकिटावर बंदराचं नाव वाचूनच खोली घ्या. एगिआलीत खोली आणि पहाटेचं जहाज कातापोलाहून, असं झालं तर त्या वेळी बस नसते आणि टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी लागते. इकारिआला एव्दिलोस आणि आगिओस किरिकोस, कार्पाथोसला पिगादिआ आणि दिआफानी, तिथेही हेच.

प्रश्न : बेटांच्या जहाजांचं पुढच्या उन्हाळ्याचं वेळापत्रक अजून दिसतच नाही. सेवा बंद तर झाली नाही ना?

उत्तर : नाही. मोठ्या कंपन्या आपली वेळापत्रकं आधी जाहीर करतात, लहान बेटांची मागून येतात. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ज्या मार्गांवर उतारू इतके कमी की धंदा परवडत नाही, तिथे ग्रीक सरकार अनुदान देऊन जहाज चालवतं. लोकांच्या तोंडी त्याचं नाव आहे ‘आगोनी ग्रामी’, शब्दशः नापीक लाइन. हिवाळ्यात शंभर-दोनशे माणसं राहणाऱ्या बेटावर औषधं, गॅस सिलिंडर आणि टपाल पोहोचतं ते याच जहाजाने. फेऱ्यांचे दिवस सरकारी करारात ठरतात आणि करार नवा झाला की बदलतात. त्यामुळे आनाफी, सिकिनोस किंवा आगाथोनिसी अशा लहान बेटांसाठी गेल्या वर्षीच्या वेळा गृहीत धरू नका. विमान आणि मोठं जहाज आधी पक्कं करा, मधले लहान टप्पे मोकळे ठेवा. या लहान बोटींची डेकवरची जागा सहसा एक-दोन दिवस आधीही मिळते. 15 ऑगस्टच्या आगेमागे मात्र तसं नाही. त्या दिवशी मेरीमातेचा मोठा सण असतो, सगळा ग्रीस गावी निघतो आणि तिनोस बेटावर तर यात्राच भरते.

प्रश्न : जुलैत जोराच्या वाऱ्यामुळे जहाजं रद्द होतात असं ऐकलं. पैसे बुडतात का? आणि बोट लागू नये म्हणून कोणतं जहाज घ्यावं?

उत्तर : वाऱ्याचं नाव मेल्तेमी. तो उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो, आणि फसवा आहे, कारण आकाश निळंशार असतं. किनाऱ्यावर ऊन पडलेलं आणि बंदरात जहाजं बांधून ठेवलेली, हे दृश्य नवख्याला कळतच नाही. वाऱ्याचा जोर बोफर्ट या मापात सांगतात. 6 म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर, 7 म्हणजे 50 ते 61, 8 म्हणजे 62 ते 74. मोठ्या साध्या जहाजांवर साधारण 8 च्या आसपास बंदी येते, वेगवान बोटी त्याआधीच थांबतात. बंदी बंदर अधिकारी घालतात, जहाज कंपनी नव्हे. तिला ‘अपागोरेफ्टिको’ म्हणतात. खोलीच्या मालकिणीच्या तोंडून हा शब्द ऐकला की सामान बांधायची घाई नको.

पैसे बुडत नाहीत. युरोपीय महासंघाच्या 1177/2010 या नियमानुसार फेरी रद्द झाली, किंवा सुटायला दीड तासाहून जास्त उशीर झाला, तर पुढच्या जहाजाने जायचं की पूर्ण पैसे परत घ्यायचे, ही निवड तुमची. हवामानामुळे रद्द झाली असेल तर मात्र हॉटेलचा खर्च आणि भरपाई मिळत नाही. लोक अडकतात ते दुसरीकडेच. एकाच दिवशी दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढलेली असतात. पहिली बोट उशिरा पोहोचली आणि दुसरी निघून गेली, तर त्या दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणावरच नसते. म्हणून एका दिवशी एकच टप्पा ठेवा. बुकिंग करताना ग्रीसमध्ये चालू राहणारा मोबाइल नंबर द्या, कारण बंदी उठली की जहाज रात्री दोनलाही सुटतं आणि निरोप येतो तो मेसेजवर.

बोट लागत असेल तर वेगाचा मोह सोडा. वेगवान कॅटामरान (जोड-सांगाड्याची बोट) हलकी असते, एजिअन समुद्राच्या आखूड, उभ्या लाटांवर आपटत जाते आणि बहुतेकींवर मोकळ्या हवेत बसायला डेक नसतो. मोठं साधं जहाज पिरेअस ते नाक्सोस पाच-साडेपाच तास घेतं, पण वजनदार असतं आणि बाहेर बसता येतं. मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारसं काही करत नाही. मेल्तेमी वाहत असताना स्कोपेलितिससारखी लहान बोट चांगलीच हेलकावते. त्या दिवशी मोठ्या जहाजाचा पर्याय असेल तर तोच घ्या.

प्रश्न : पिरेअसला जहाजात चढायची पद्धत काय? सामानाचं काय करायचं?

उत्तर : बंदर अफाट आहे. दरवाज्यांना ई-1, ई-2 असे क्रमांक आहेत. नाक्सोसकडची जहाजं बहुधा ई-6, ई-7 भागातून सुटतात, मेट्रो स्टेशनच्या समोरच. डोडेकनीज बेटांकडची (कोस त्यांतलंच) ई-1 वरून, आणि तिथवर बॅगा ओढत अर्धा तास जातो. बंदराच्या आत मोफत बस फिरते, तिने जा. विमानतळावरून 2022 पासून मेट्रोची निळी लाइन थेट पिरेअसला येते, साधारण तासाभरात. सुटायच्या पाऊण तास आधी पोहोचा आणि दरवाजा क्रमांक त्याच दिवशी पुन्हा तपासा.

उतारू गाड्यांच्याच रॅम्पवरून आत जातात. आत शिरताच भिंतीला लोखंडी मांडण्या असतात, त्यावर बंदरांची नावं लावलेली असतात. आपल्या बेटाच्या नावाखाली बॅग ठेवायची आणि जिन्याने वर जायचं. पासपोर्ट, औषधं, पैसे जवळच ठेवा, कारण प्रवासात गाड्यांचा मजला बंद असतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं.

उतरण्याची तयारी जास्त महत्त्वाची. लहान बेटावर जहाज पाच-दहा मिनिटंच थांबतं. घोषणा झाली की लगेच खाली या. अंधारात डिझेलचा वास, साखळ्यांचा खडखडाट, ट्रकांची इंजिनं सुरू, आणि सगळे रॅम्पकडे तोंड करून उभे. रॅम्प धक्क्याला टेकतो, खलाशी हात करतो, की निघायचं. वर कॉफी संपवत बसलेला माणूस थेट पुढच्या बेटावर उतरतो.

प्रश्न : मिलोसला चार दिवस आहोत. किमोलोसला एका दिवसात जाऊन येता येईल?

उत्तर : सहज. मात्र आदामास बंदरातून नाही, ईशान्य टोकाच्या पोलोनिआहून जा. तिथली लहान फेरीबोट अर्ध्या तासात किमोलोसच्या प्साथी बंदराला पोहोचते, गाड्याही नेते. प्साथीहून वरचं गाव पायी पंधरा-वीस मिनिटं, सगळी चढण. रोख पैसे ठेवा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या. उत्तरेचा जोराचा वारा असेल तर ही बोटही बंद राहते, म्हणून किमोलोस चौथ्या दिवसावर ढकलू नका.

प्रश्न : कोस बेटावरून तुर्कस्तानातलं बोद्रुम दिसतं म्हणे. शेंगेन व्हिसावर एक दिवस जाऊन यावं का?

उत्तर : आधी व्हिसावर प्रवेशांची संख्या बघा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर कोसच्या धक्क्यावर निर्गमनाची नोंद झाली की तो संपला. संध्याकाळी ग्रीसमध्ये परत घेणार नाहीत आणि तुमचं सामान कोसच्या हॉटेलात अडकेल. अनेकदा प्रवेशाचा असेल तर जा, तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढून. तसा व्हिसा नसेल तर तोच दिवस कोसहून निसिरोस या ग्रीक बेटाला द्या. तिथे ज्वालामुखीच्या विवरात उतरून चालता येतं, गंधकाच्या वाफा पायाशी निघत असतात. जाड तळाचे बूट घाला, जमीन गरम असते.