सुक्यामेव्याच्या बार कुकीज: तळ आधी पूर्ण भाजा

सोसायटीत वाटण्यासाठी केलेल्या बार कुकीजचा तळ कच्चा राहिला, मेव्याचा थर चिक्कीसारखा कडक झाला आणि कापताना सगळ्याचा चुरा झाला, असे आपण लिहिले आहे. मी नाशकात दर डिसेंबरला या कुकीज करून शेजारी वाटते आणि हे तिन्ही दोष मी स्वतः अनुभवले आहेत. तळ आणि मेवा आपण एकदमच भट्टीत ठेवलेत, तिथेच घोटाळा झाला. वरून पाकाचा ओलावा आला की खालचे पीठ भाजत नाही, आणि ते भाजावे म्हणून वेळ वाढवला की पाक कडक होतो.

२० सेंटिमीटर चौकोनी टिनसाठी १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम थंड लोणी आणि चिमूटभर मीठ घ्यावे (खारे बटर असेल तर मीठ नको). लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळावे. मुठीत दाबल्यावर मुटका वळला की थांबावे. नानकटाईप्रमाणेच येथेही पीठ मळायचे नाही, कारण मळले की तळ खुसखुशीत न होता चिवट होतो. लोण्याऐवजी तूप वापरायचे असल्यास ८० ग्रॅम पुरते, कारण लोण्यात पाण्याचाही अंश असतो. मात्र पीठ कोरडे वाटले तर चमचाभर दूध शिंपडावे. टिनमध्ये बटर पेपर दोन्ही बाजूंनी वर येईल असा घालावा, त्यावर पीठ सारखे दाबून काट्याने टोचे मारावेत आणि १८० अंशांवर सुमारे २० मिनिटे, कडा सोनेरी होऊन मध्यभागाचा पांढुरकेपणा जाईपर्यंत भाजावे.

तळ भाजत असतानाच पाक करावा. ६० ग्रॅम लोणी, ९० ग्रॅम ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे मध आणि एक मोठा चमचा साय मंद आचेवर विरघळवून उकळी आल्यावर फक्त एक मिनिट ठेवावे. चिक्कीसाठी आपण पाण्यात टाकलेली गोळी खणखणीत वाजेपर्यंत पाक घेतो. हाताला सवय तीच असल्यामुळे येथेही तो पुढे जातो, आणि आपला थर कडक होण्याचे दुसरे कारण बहुधा तेच असावे. गूळ घ्यायचा असेल तर साय वगळावी, कारण गुळाने दूध-साय फाटण्याची शक्यता असते.

या पाकात अक्रोड, काजू आणि बदाम यांचे मिळून १८० ग्रॅम जाडसर तुकडे मिसळावेत. आमच्याकडे बेदाणे मुबलक, त्यामुळे मूठभर घालण्याचा मोह होतोच. पण ते वर उघडे राहिले तर करपून कडवट होतात, म्हणून आधी तळावर पसरावेत आणि मेव्याने झाकावेत. मग १७५ अंशांवर १५ ते १८ मिनिटे भाजावे. घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवावा: ते केवळ कडेला नव्हे, तर मध्यभागीही येऊ लागले की टिन लगेच बाहेर काढावे. त्या वेळी थर पातळ दिसतो, तो निवताना घट्ट होतो.

चुरा होण्याचे उत्तर कापण्याच्या वेळेत आहे. कोमट असतानाच कागदासह लादी बाहेर काढून, धारदार सुरी ओढत न नेता सरळ खाली दाबत, पाच बाय पाच अशा २५ वड्या पाडाव्यात. पूर्ण गार झालेली लादी सुरीखाली फुटते.

वड्या पूर्ण निवल्यावरच थरांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात भराव्यात. आठवडाभर त्या उत्तम राहतात, पावसाळ्यात मात्र मेव्याचा थर ओलावा ओढून चिकट होतो, म्हणून दोन-तीन दिवसांतच वाटून टाकाव्यात. यात अंडे नाही, ही गोष्ट शेजाऱ्यांना आवर्जून सांगावी, आणि काजू, बदाम, अक्रोड यांची नावे डब्यावरच लिहावीत. मेव्याची ॲलर्जी असलेले एखादे मूल घरात असेल, तर डबा उघडण्यापूर्वीच त्याच्या आईला ते कळायला हवे.