पहिली बाटली नाशिकची घ्या

ड्राय, म्हणजे गोडी नसलेल्या, व्हाइट वाइनपासून सुरुवात करताय ना, मग नाशिकची सोव्हिन्यों ब्लां घ्या (हे द्राक्षाच्या जातीचं नाव, वाइनलाही तेच). तिकडे जवळपास 600 मीटर उंची, हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगलाच गारठा. त्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो. शेनिन ब्लां, म्हणजे दुसऱ्या एका द्राक्षाची व्हाइट वाइन, नंतर. इकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी गोडी असते, मग ड्राय म्हणजे काय तेच कळत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ग्लासात बर्फ. नको हो! बाटलीच दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा.
- 'जुनी तितकी चांगली' म्हणून जपून ठेवणं. मीही एक बाटली चार वर्षं माळ्यावर ठेवली होती. उघडली तर रंग कोऱ्या चहाचा आणि वास शिळ्या सफरचंदाचा! लेबलवरचं साल बघून ताजी घ्या.
- सोबत झणझणीत रस्सा. तोंड नुसतं भाजतं.

त्यापेक्षा रव्यातली सुरमई करा, वर लिंबू पिळून. शाकाहारी असाल तर कोथिंबीर वडी. वाइनच्या हिरवट वासाशी तिचं फार छान जुळतं. ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरवलेल्या वाइन, डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं) वगैरे सध्या राहू द्या. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.