घोडीला काय चावतंय ते आधी बघा, फवारा मग

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: कर्जतच्या बाजूला ओढ्याकाठी जागा, एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याच्या म्हशींचा गोठा. गणपती गेल्यापासून घोडी दिवसभर पाय आपटते, शेपटीचं बूड खांबाला घासून तिथले केस गेलेत, तुमच्या स्वतःच्या घोट्यांवर गांधी उठल्यात. दुकानदाराने गोचिडाच्या औषधाची बाटली दिली आहे, ती मारावी का? आणि दसरा जवळ आलाय, तर आयाळ-शेपूट कातरून तिला मोकळी करावी का?

पहिलं बाटलीचं. घटक म्हणून तिच्यावर 'अमित्राझ' लिहिलेलं असेल तर ती घोडीच्या आसपाससुद्धा नेऊ नका. गाई-म्हशींच्या गोचिडांवर ते सर्रास वापरतात, म्हणून दुकानदाराने सहज काढून दिलं असणार. घोड्याच्या आतड्याची हालचाल मात्र त्याने मंदावते, लीद आत तुंबते आणि असा पोटशूळ उठतो की जनावर हातचं जातं. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून चालतं. पण तेही जनावरांसाठी बनवलेलंच हवं. पिकावर मारायची बाटली स्वस्त पडते खरी, पण तिच्यातल्या द्रावकाने कातडी भाजल्यासारखी होते. आणि फवारणीनंतरचं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. तुमच्याकडे मांजर असेल तर तिलाही लांब ठेवा, पर्मेथ्रिन गटातली औषधं मांजरांना विषारी असतात.

दुसरं कातरण्याचं. अजिबात कातरू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात शेपूट हीच तिची माशी वारायची चवरी आहे. कपाळावरची झुलपं डोळ्यांसाठी, कानातले केस चिलटांसाठी. मिरवायचं असेल तर सकाळी वेणी घाला, झेंडूचं तोरण बांधा, घरी आल्यावर सगळं सोडून द्या. शक्य असेल तर तिला एखादी जोडीदारीण बघा, तट्टू का असेना. दोघी उलटसुलट उभ्या राहतात आणि एकमेकींच्या तोंडावरच्या माशा शेपटीने उडवतात.

आता मुद्द्याचं. 'माशांसाठी चांगला स्प्रे कोणता' असं सगळेच विचारतात. चावणाऱ्या जाती चार-पाच आहेत, प्रत्येकीची वेळ वेगळी, अंगावरची जागा वेगळी, वाढायचं ठिकाण वेगळं. एक दिवस घोडीजवळ स्टूल टाकून बसा आणि बघा. तुमच्या वर्णनावरून मला तिथे दोन उपद्रव तर नक्कीच दिसतात, तिसरा असण्याची शक्यता आहे आणि मला खरी भीती त्या तिसऱ्याचीच आहे.

पाय आपटणं ही चावऱ्या माशीची खूण. लांबून ती घरमाशीच वाटते, म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. हातात धरून बघा: तोंडापुढे सुईसारखी ताठ, काळी सोंड आलेली दिसेल. घरमाशीची सोंड मऊ असते, ती चाटते. ही भोसकते. भिंतीवर बसली की हिचं डोकं बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतं. गुडघ्याखाली बसते, सकाळी आणि कलत्या उन्हात जास्त, आणि नर-मादी दोघंही रक्त पितात. तुमचे घोटे हिनेच फोडलेत. दिवसभर पाय आपटून नाल सैल होतात, खुरांच्या कडा तुटतात, घोडी चरायचं सोडून देते.

ही माशी घोडीच्या अंगावर दिवसातली काही मिनिटंच असते. पोट भरलं की सावलीतल्या भिंतीवर, खांबावर, कुंपणावर जाऊन बसते. म्हणून पायांवर मारलेला फवारा ओल्या गवतात पुसला जातो आणि पैसे वाया जातात. त्यापेक्षा घोडी बाहेर काढून तबेल्याच्या भिंतींना आतून औषध मारा आणि वाळल्यावरच तिला आत घ्या. पायांना जाळीच्या पट्ट्या मिळतात, त्या चांगल्या. रोज काढून खालची कातडी बघायची तेवढी.

पण खरं काम फावड्याचं आहे. चावरी माशी अंडी घालते ती कुजणाऱ्या ओल्या पेंढ्यात, म्हणजे लीद, मूत आणि पेंढा एकत्र झालेला असेल तिथे. नुसत्या ताज्या लिदीपेक्षा हे मिश्रण तिला जास्त मानवतं. गव्हाणीच्या खाली सांडलेला चारा, रबरी चटईच्या कडा, पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा, पावसात भिजलेल्या गंजीचा तळ इथे बोटाने उकरून बघा, पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतील. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, घरमाशीला आठवडा-दहा दिवस. म्हणजे ही जागा आठवड्याला एकदा जरी तळापर्यंत कोरडी केलीत तरी साखळी तुटते. तबेल्यातली लीद अर्थातच रोज, शक्यतो दोनदा.

उचललेली लीद टाकायची कुठे, हा कोकणपट्टीत मोठा प्रश्न. एका घोड्यामागे ओल्या पेंढ्यासकट वीसेक किलो माल रोज निघतो. उंचवट्यावर ढीग करा, वर ताडपत्री, कडांना दगड. ढीग नीट तापला तर आत ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि अळी शिजून मरते. तपासायला थर्मामीटर लागत नाही. पहार ढिगात खुपसा, दहा मिनिटांनी ओढून काढा. टोक मुठीत धरवत नसेल तर ढीग चालू आहे. बाहेरचा थर थंड राहतो आणि अळ्या तिथेच सरकतात, म्हणून आठ दिवसांनी बाहेरचं आत घालून ढीग उलटायचा. दसऱ्यानंतर ऊन कडक झालं की ढिगाची भानगडच नको, वावरात पातळ पसरून टाका, वाळली की माशीला तिचा काही उपयोग नाही. मात्र हे सगळं शेजाऱ्याच्या गोठ्यातही व्हायला हवं. त्याच्याशी गोडीत बोला. निम्म्या माशा त्याच्या उकिरड्यातून येत असतील, आणि त्याच्या म्हशी दुधाला कमी पडत असतील तर तेही एक कारण असू शकतं, हे त्याला पटेल.

शेपटीचं बूड घासणं हा वेगळा प्रकार. औषधाआधी एक गोष्ट तपासून घ्या: फक्त शेपटीशीच खाज आहे आणि आयाळ शाबूत आहे, असं असेल तर गुदद्वाराशी अंडी घालणारे जंतही असू शकतात. सकाळी अंग धुण्याआधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून काढा आणि डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला द्या. आयाळीच्या मुळाशीही खवडे असतील, पोटाच्या मध्यरेषेवर कातडी जाड, चरबरीत झाली असेल, तर दोष चिलटांचा. एक ते तीन मिलिमीटरचं हे चिलट, दिवेलागणीला आणि पहाटे ढगासारखं येतं. त्याच्या लाळेची काही घोड्यांना ॲलर्जी असते. म्हणूनच एक घोडी अंग सोलून घेते आणि शेजारची शांत उभी असते. दर वर्षी त्रास वाढत जातो, तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

चिलटाचं एक बरं आहे, त्याला वाऱ्यात उडता येत नाही. सूर्य मावळायच्या तासभर आधी घोडी आत घ्या, चांगलं उजाडल्यावर बाहेर काढा आणि आत मोठा पंखा लावा. वायर तिच्या दातांपासून लांब, पंखा तोंड पोचणार नाही इतका उंच. मच्छरदाणीची नेहमीची जाळी उपयोगाची नाही, तिच्यातून चिलट आरपार जातं. बारीक जाळी हवी. आणि त्याची पैदास चिखलात होते, खास करून जनावरांच्या मलमूत्राने माखलेल्या चिखलात. भातखाचरं तुम्ही हलवू शकत नाही, पण टाकीची गळती बंद करून तिच्याभोवती मुरूम टाकून ठोकता येईल. हे एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. खाज फार असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांपुरतं स्टेरॉइड देतील. कातडी फाटलेली नसेल तिथे बेंझिल बेंझोएटचं लोशनही चालतं, पण तेही विचारूनच.

घरगुती उपायांबद्दल माझं मत थोडक्यात. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल खोबरेल तेलात मिसळून लावलं तर काही तास माशा कमी बसतात. आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा आणि तेल लावून भर उन्हात उभी करू नका. शेणी आणि निंबाच्या पाल्याचा धूर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात. मोकळ्या जागी, वाऱ्याच्या दिशेने, लांबून करा. बंद तबेल्यात अजिबात नको, घोड्याची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात आणि पेंढा पेटायला एक ठिणगी पुरते. लसूण चारण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. भरपूर लसणाने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो, माशा तरीही येतात. निळ्या दिव्याच्या विजेच्या सापळ्यात रात्रीचे निरुपद्रवी किडेच जास्त मरतात.

डासांसाठी टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. गोचीड रोज खराऱ्याच्या वेळी हाताने शोधा: कानात, आयाळीखाली, शेपटीखाली, मांड्यांच्या आत. घरमाशी चावत नसली तरी तिच्याकडे काणाडोळा नको. डोळ्याच्या कोपऱ्यावर किंवा पायावरच्या जखमेवर ती एका जंताच्या अळ्या सोडते, आणि पावसाळ्यात न भरणारा, तांदळाच्या कणीसारखे पिवळे कण असलेला घा तयार होतो. जुने मोतद्दार त्याला बरसाती म्हणतात. मलमं बदलत बसू नका, जंताचं औषध दिल्याशिवाय तो बरा होत नाही. डोळ्यांवर जाळीचा मुखवटा घाला, तो दिवसातून एकदा काढून आतून पुसा.

तुमच्या सुरक्षिततेचंही बोलून घेतो. पोटाला माशी चावली की घोडी मागचा पाय पुढे, पोटाकडे झाडते. खूर साफ करायला वाकलेल्या माणसाचं डोकं नेमकं तिथेच असतं. नालबंद येईल त्या दिवशी एक माणूस निंबाची डहाळी घेऊन खांद्याशी उभा ठेवा, काम सकाळी लवकर उरका. घोडी चपळाईने पाय ओढून घेते म्हणून तिला मारू नका, तिचा स्वभाव बिघडलेला नाही. स्वतः फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आता तो तिसरा उपद्रव: डांस, म्हणजे मोठी गोमाशी. फक्त मादी चावते, भर उन्हात येते आणि कातडी कापते. ती उडाल्यावर रक्ताचा थेंब ओघळताना दिसला तर समजा हीच. तिची पैदास ओढ्याकाठच्या ओल्या मातीत होते, त्यामुळे लीद कितीही उचलली तरी तिला फरक पडत नाही. गडद, चकचकीत, हलणाऱ्या वस्तूकडे ती ओढली जाते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घातली, तर त्यांच्यावर उतरणाऱ्या माशा एकरंगी झूल घातलेल्यांपेक्षा बऱ्याच कमी निघाल्या. तुम्ही निदान काळी झूल तरी घेऊ नका. सापळा घरी करता येतो: मोठा काळा चकचकीत चेंडू, त्यावर चिकट लेप, तबेल्यापासून लांब उन्हात टांगलेला. ऊन चढल्यावर, साधारण अकरा ते चार, घोडी आत सावलीत ठेवा. डांस अंधाऱ्या जागेत फारसा शिरत नाही.

भीती चाव्याची नाही, सर्राची आहे. हा रक्तातल्या परजीवीचा रोग. १८८० साली ब्रिटिश लष्करातले पशुवैद्य ग्रिफिथ एव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात तो ओळखला. एका जनावरावर अर्धवट प्यायलेली माशी हुसकली गेली की ती रक्ताने माखलेली सोंड घेऊन लगेच शेजारच्या जनावरावर बसते, एवढ्याने तो पसरतो. चावरी माशीही पसरवते. म्हशीत हा परजीवी बरेचदा काहीही लक्षण न दाखवता राहतो, घोड्याला मात्र मारतो. म्हणून तुमचा म्हशींचा शेजार मला खटकला. हुसकलेली माशी आधी जवळचं जनावर धरते, त्यामुळे अंतर हेच मोठं संरक्षण. अशाच पद्धतीने पसरणाऱ्या घोड्यांच्या एका विषाणूजन्य पंडुरोगासाठी अमेरिकेत बाधित घोडा इतरांपासून किमान २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर लांब ठेवायला सांगतात. तुमच्याकडे एवढी जागा नसेल, पण घोडीची दावण गोठ्याच्या भिंतीकडून उचलून प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला तर नेता येईल.

ताप येतो-जातो, चंदी पूर्ण खाऊनही घोडी झडत चालली आहे, हिरड्या फिक्या, पायांवर आणि पोटाखाली सूज, मागचा भाग चालताना डुलतो, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. थर्मामीटर घरात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचा ताप वहीत लिहा. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. रक्त ताप चढलेला असतानाच काढायला सांगा, तेव्हाच परजीवी सापडण्याची शक्यता जास्त. ताप उतरल्यावर काढलेल्या रक्ताच्या काचेवर परजीवी दिसला नाही तरी सर्रा नाही असं धरू नका, डॉक्टरांना पुन्हा काढायला लावा आणि रक्तजल (सीरम) हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीला पाठवता येईल का, ते विचारा. औषध कोणतं, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या. गुरांना सर्रासाठी देतात ती काही इंजेक्शनं घोड्याला झेपत नाहीत.