लघवीच्या तक्रारी : घरी किती दिवस थांबावे?

प्रश्न : मी माजलगाव तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय ३४ वर्षे. दर उन्हाळ्यात मला एक-दोनदा उन्हाळी लागते आणि धने-जिऱ्याचे पाणी व सब्जा घेतला की उतार पडतो. या खेपेस मात्र पाच दिवस झाले तरी जळजळ थांबलेली नाही, सारखे लघवीला जावे लागते आणि ओटीपोट दुखते. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच सुरू झाले. दिवसभर रानात असताना आडोसा नसल्याने लघवी धरून ठेवावी लागते. हे दवाखान्यात जाण्याइतके गंभीर आहे काय?

उत्तर : होय ताई, आता दवाखान्यात जावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, अंगातील पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी थोडी, गडद पिवळी व आग करणारी होते. एवढेच कारण असेल, तर पाणी वाढवल्यावर एक-दोन दिवसांत त्रास थांबला पाहिजे. तो थांबला नाही, शिवाय थोडी थोडी लघवी वारंवार होते, ओटीपोट दुखते, लघवी गढूळ दिसते किंवा तिला उग्र वास येतो, तर मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता अधिक असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. लघवी तासन्‌तास तुंबवून ठेवणे आणि ती वेळ येऊ नये म्हणून पाणीच न पिणे, या दोन्ही गोष्टी जंतूंच्या पथ्यावर पडतात. खुरपणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा यात दोष नाही. कामाच्या जागी आडोसा करून देणे हे काम करवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

तुम्ही घेतलेल्या गोळ्या कोणत्या होत्या, हे पत्रावरून कळत नाही. त्या प्रतिजैविक (अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणाऱ्या) असतील आणि अर्धवट सोडल्या असतील, तर संसर्ग दबून पुन्हा उसळला असावा. म्हणून गोळ्यांचे रिकामे पाकीट डॉक्टरांना अवश्य दाखवावे आणि नवीन प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीची साधी व कल्चर तपासणी (लघवीतील जंतू वाढवून ते कोणते हे पाहणारी) करण्याविषयी विचारावे. नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यावी. गावातून नमुना नेण्यात दोन-तीन तास उन्हात गेले, तर त्यात जंतू वाढून अहवाल फसवा येतो. त्यामुळे नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. त्रास वरचेवर होत असल्याने रक्तातील साखरही तपासून घ्यावी.

थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूस दुखू लागले किंवा उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मुतखड्याच्या कळा येत असताना ताप आला, तर अडलेल्या मूत्रपिंडात पू होण्याचा धोका असतो. तेव्हा तर उजाडण्याचीही वाट पाहू नये. गर्भवती स्त्रीने मात्र किरकोळ जळजळसुद्धा अंगावर काढू नये.

प्रश्न : आमचे वडील ६६ वर्षांचे असून औसा तालुक्यात शेती करतात. अनेक वर्षांपासून त्यांना बिडीची सवय आहे. गेल्या महिन्यात एकदा त्यांना लालभडक लघवी झाली. दुखले काहीच नाही आणि दुसऱ्या दिवसापासून रंग पूर्ववत झाला. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धारही बारीक झाली आहे. ते म्हणतात, उष्णतेने झाले असेल. तपासणीला न्यावे काय?

उत्तर : या आठवड्यातच न्यावे. बीट खाल्ल्याने लघवी लालसर होते आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती नारिंगी होते. परंतु असे काही घेतलेले नसताना लाल लघवी झाली, तर ते रक्त आहे असेच धरून चालावे. मुतखड्याचे रक्त बहुधा कळा देऊन येते. मूत्राशयाच्या कर्करोगात मात्र पहिले लक्षण पुष्कळदा हेच असते : न दुखता एकदा रक्त जाते आणि मग आठवडे-महिने काहीच दिसत नाही. नेमक्या या मधल्या काळात माणूस निर्धास्त होतो. बिडी-सिगारेट हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. प्रत्येक रक्तस्राव कर्करोगाचाच असतो असे नाही, आणि कर्करोग असला तरी वेळेत सापडल्यास अनेकदा दुर्बिणीतून काढता येतो. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि मूत्राशयाची दुर्बिणीने पाहणी, एवढे झाल्याशिवाय या विषयावर पडदा टाकू नये. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवले, तरी पुढची दिशा मिळेल.

रात्रीचे उठणे आणि बारीक धार हा बहुधा वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा) त्रास आहे. त्याच भेटीत तोही सांगावा. अशा माणसाने सर्दीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, कारण त्यांतील काही औषधांनी लघवी अचानक अडते. तसे होऊन ओटीपोट तटतटले आणि थेंबही उतरेना, तर पळसाच्या फुलांचा शेक किंवा तांब्याभर पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. पाण्याने तटतट वाढतेच. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हाच तेव्हाचा उपाय आहे.

प्रश्न : सकाळच्या लघवीला फेस येतो. मूत्रपिंड निकामी झाले असेल काय? (वाचक, परभणी)

उत्तर : जोराच्या धारेने येणारा फेस थोड्या वेळात विरतो, त्याची चिंता नको. तो रोज येत असेल व टिकून राहत असेल, किंवा पायांवर आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, तर लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) आणि रक्तदाब तपासावा. मधुमेह असणाऱ्यांनी ही तपासणी फेस नसतानाही वर्षातून एकदा करावी. कंबरदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.