घरचा फोन येऊन गेल्यावर

वसतिगृहाच्या रेक्टरचं काम नव्यानेच हाती घेतलंयस, म्हणून मनापासून सांगते. रविवारी घरचे फोन झाले की मुलींच्या चेहऱ्यांकडे बघत जा. माझ्याकडे एक मुलगी होती. पेपर छान गेला तरी बाबांचा फोन आला की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत "हो बाबा, हो बाबा" एवढंच म्हणायची. मग ताट तसंच. घरी चूक झाली की दोन-दोन दिवस अबोला, हे तिने सहा महिन्यांनी सांगितलं. मी जरा गप्प बसले तरी ती माफी का मागायची, ते तेव्हा उमगलं.

लहानपणी आईवडिलांशी जसा बंध जुळतो, त्याचा ठसा पुढच्या नात्यांवरही उमटतो, हा सिद्धांत ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी तो मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिला. पण म्हणून आईवडिलांना आरोपी ठरवू नकोस. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाची धास्तीही खरी असते.

तू शब्दाला जाग. "संध्याकाळी बोलू" म्हणालीस तर बोलच. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर तिला एकटी सोडू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.