वकिलांनी अपील केलंच नाही, भरपाई कुठे मागू?

ताई, जमिनीच्या वाटपाचा दावा कराडच्या न्यायालयात तुमच्या विरोधात गेला. वकिलांनी जिल्हा न्यायालयात अपिलासाठी फी घेतली, वकीलपत्रावर सही घेतली आणि चौदा महिने ‘तारीख पडलीय’ म्हणत राहिले. अपील दाखलच नव्हतं, हे तुम्हाला गेल्या आठवड्यात कळलं. आता ग्राहक आयोगात दहा लाख मागायचे, असं तुम्ही लिहिता.

तिकडे जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी डी. के. गांधी प्रकरणात ठरवलं. हा निकाल साध्या पक्षकाराला जड जातो असं माझं मत आहे, पण आज कायदा तोच आहे. भरपाईसाठी दिवाणी दावाच करावा लागेल. वकील आहे एवढ्या कारणावरून निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटका नाही, हे 1926च्या वकील फी कायद्याच्या कलम 5मध्ये स्पष्ट लिहिलंय. मुदत तीन वर्षांची.

पण आधी जमीन वाचवा, ताई! अपिलाची 30 दिवसांची मुदत कधीच गेलीय. नवा वकील करून याच आठवड्यात अपील, विलंब माफीचा अर्ज आणि हुकूमनाम्याच्या (म्हणजे कराडच्या निकालाच्या) अंमलबजावणीला स्थगितीचा अर्ज एकत्र द्या. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालय 1981मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हणालं. तरी ‘एवढे महिने तुम्ही काय करत होतात?’ हा प्रश्न येणारच. वकिलांना केव्हा फोन केला, केव्हा भेटलात, काय उत्तर मिळालं, हे तारखांसह शपथपत्रात आलं पाहिजे.

जुने वकील फी बाकी म्हणून फाईल अडवत असतील, तर तसा हक्क त्यांना नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली ते ठरलंय. लेखी मागणी रजिस्टर पोस्टाने करा.

भरपाईच्या दाव्यात अपील जिंकण्याची खरी शक्यता होती, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. विलंब माफ होऊन अपील चाललं, तर दहा लाखांचा आकडा टिकणार नाही. फी, वाढलेला खर्च एवढंच मागता येईल. मला विचाराल तर तेच बरं.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स कायद्याच्या कलम 35खाली तक्रार जरूर करा. तिथे पैसे मिळत नाहीत, शिस्तभंगाची कारवाई होते. नुसती चूक तिथे पुरत नाही, पण फी घेऊन खोट्या तारखा सांगणं ही नुसती चूक नव्हे. त्या तारखांचे मेसेज ज्या फोनवर आहेत तो विकू नका, बदलूही नका. पुढे पुरावा म्हणून तोच लागेल.