पालक विचारतील, "कोणतं वाद्य लावू?"

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

क्लास सुरू केलास हे कळलं, फार बरं वाटलं. आता पहिल्याच महिन्यात पालक दारात उभे राहून विचारतील, "सगळ्यांत सोपं वाद्य कोणतं?" पटकन उत्तर देऊ नकोस. सुरुवातीचा त्रास प्रत्येक वाद्यात आहे, फक्त वेगवेगळा. समोरच्या पोराला त्यातला कोणता सोसवेल आणि त्याच्यासोबत वाजवायला घरात, गल्लीत कोण आहे, एवढं आधी विचारून घे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला मी बहुधा पेटीवर बसवतो. पट्टी दाबली की सूर जागेवरच असतो, त्यामुळे पहिल्या दिवशीही काहीतरी वाजतं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं, नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. त्या वादात तथ्य आहे, पण सात वर्षांच्या पोराला त्यात ओढायचं कारण नाही. त्याची अडचण वेगळीच असते. जमिनीवर बसलं की कोपरं पट्ट्यांच्या खाली राहतात, मग खांदे वर चढतात. पाट दे बसायला. आणि मुलं भाता सायकलच्या पंपासारखा हाणतात. एकच 'सा' धरून भाता सावकाश चालवायला लाव, सूर मध्येच फुगता किंवा दबता कामा नये. आठवडाभर हेच केलं तरी चालेल.

तबल्यावर मुलं आपणहून झेपावतात, आणि घोटाळा वाद्य निवडतानाच होतो. घरातला कुणाचा तरी जुना, रुंद तोंडाचा तबला मुलापुढे ठेवतात. आता 'ना' कसा वाजतो बघ: अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकलेली आणि तर्जनी किनारीवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर. लहान पंजाला एवढं अंतर झेपत नाही. मग मूल अनामिका उचलतं, 'ना' बद्द वाजतो आणि तीच सवय बोटांत बसते. पाच-सव्वापाच इंची तोंडाचा तबला घ्यायला सांग. तो चढ्या सुरात बोलतो आणि मुलांच्या गळ्यालाही जुळतो. डग्ग्यावर घिस्सा, म्हणजे मनगट घासून काढलेला घुमता आवाज, वगैरेची घाई नको, मनगट नीट टेकलं तरी पुष्कळ. बोल आधी तोंडाने म्हणवून घे, टाळी-खाली हातावर. जे तोंडात नाही ते बोटांत येत नाही. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, सर्द होऊन सूर उतरतो, हेही पालकांना आधीच सांग, नाहीतर "दुकानदाराने फसवलं" म्हणत तुझ्याकडेच येतील. हातोडी मुलाच्या हाती देऊ नकोस, पण वादीखालचा लाकडी गठ्ठा खाली ठोकल्यावर सूर कसा चढतो ते त्याला दाखव. डोळे मोठे होतात पोरांचे.

बासरी स्वस्त, म्हणून पालकांना आवडते. मुलांनी मात्र हरिप्रसाद चौरसियांची लांब बासरी पाहिलेली असते आणि तीच हवी असते. तिची भोकं लहान बोटांनी झाकली जात नाहीत. पांढरी पाच किंवा सहाची, म्हणजे पेटीच्या पाचव्या किंवा सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, आखूड बासरी दे. सुरुवातीला फुंकून फुंकून गरगरतं, म्हणून दहा मिनिटांनी थांबव.

कीबोर्ड बहुतेकांच्या घरी वाढदिवसाचा आलेलाच असतो. त्याला नाकं मुरडू नकोस. रिदमच्या बटणावर चिकटपट्टी लाव, झालं. व्हायोलिन मुलांच्या मापाचं मिळतं, पाव, अर्धं, पाऊण. पण निदान वर्षभर घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे कान किरकिरणार, याला घर तयार आहे का ते विचार. गिटारच्या पोलादी तारा बोटं सोलतात, लहानांना नायलॉनच्या बऱ्या. सतारीला माझ्या मते दहा वर्षांच्या आत हात लावायला नको.

सोबतीचं म्हटलं ते का, सांगतो. ज्या मुलाचे आजोबा भजनी मंडळात आहेत, त्याला सरळ पखवाजाकडे पाठव, तुझी एक फी बुडाली तरी. आळंदीत वारकरी संस्थांमधली पोरं पखवाज शिकतात, ती रोजच्या भजनात. डाव्या तोंडाला कणीक लावणं, टाळकऱ्यांकडे बघून लय धरणं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. एकटं खोलीत बसून वाजवणारं मूल परीक्षेपर्यंत टिकतं, मग सोडतं. म्हणून तुझ्या क्लासात पेटीवाला आणि तबलेवाला महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसव, साध्या भूप रागाच्या सरगमीला केरवा ताल धरू दे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' या पहिल्या परीक्षेचा फॉर्म पहिल्या वर्षी भरू नकोस. पालक मागे लागतील, तरीही.

आणि पहिले दोन महिने कुणालाही वाद्य विकत घ्यायला लावू नकोस, क्लासातल्यावर बसू दे. पुढे जुनी पेटी चालते, फक्त घेताना भाता भरून एकही पट्टी न दाबता हात सोड. लगेच बसला तर हवा गळते आहे, भाव पाडून माग किंवा सोडून दे. दिवाळीनंतर मी तानपुऱ्याची जवारी काढून, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडीचा माथा घासून घ्यायला मिरजेला जाणार आहे. तुझ्या तानपुऱ्याचंही काम असेल तर आधी कळव, एकाच खेपेत होईल.

तुझे,
सर